तुडुमाचे तेवीस दिवस

१

सुशील काळमेघनं आधी हरवलेल्या फाइलचं सांगितलं. फळ्याचं त्यानं शेवटी सांगितलं, तेही आवाज खाली आणून.

रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर त्याचं ‘आखणी’ नावाचं ऑफिस होतं. दुसऱ्यांच्या कामांच्या योजना करून देणं हा त्यांचा धंदा. कामात काय काय येतं, त्याला किती दिवस लागतील, कोणतं आधी, कोणतं मागून, हे सगळं ते आखून देत. आणि असं आखलेलं काम फसलं, की ते का फसलं हे शोधायला लोक हिमानी दाणीला बोलावत. वय चोपन्न, उजवा गुडघा दुखरा, बोलणं कमी. धंद्यातले लोक पाठीमागे तिला ‘पोस्टमॉर्टमवाली’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

“बोरखिंडीचा तलाव आहे मॅडम, कुहीकडे,” सुशील म्हणाला. “जुना, मालगुजारीच्या काळातला. त्याची पाळ दीड मीटर उंच करायची, गाळ काढायचा, सांडवा नवा बांधायचा. शुक्रवारी, एक मेपासून खोदायची मशीन लागून राहिली. अन् आता सिंचन खात्याचे साहेब म्हणतात, व्याप्तीचा सही केलेला कागद दाखवा. कामात काय आहे अन् काय नाही, तो कागद. पूर्ण फाइलच नाही.”

“सही कोणाची?”

“मधुकररावची.”

मधुकरराव चाफले या ऑफिसात एकतीस वर्षं दिवसांचे अंदाज काढत होते. हिमानीनं त्यांना दोनदाच पाहिलं होतं. पण धंद्यात सगळे म्हणत, चाफल्यांनी चाळीस दिवस म्हटलं तर एकेचाळिसावा उजाडत नाही. दोन एप्रिलला, भर दुपारी, ते त्याच तलावात मेले. गाळात पाय रुतला, तोल गेला, बुडाले. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली होती.

“एवढंच?” हिमानीनं विचारलं.

सुशील उठला आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. भिंतीवर खडूचा काळा फळा होता. मधुकररावांनी शेवटपर्यंत पांढरा बोर्ड येऊ दिला नव्हता. फळ्यावर मधोमध एकच आकडा होता. एकसष्ट.

“आमची योजना अडतीस दिवसांची आहे,” सुशील म्हणाला. “आम्ही अडतीस लिहितो. जयवंता रोज सायंकाळी ओल्या फडक्यानं पूर्ण फळा पुसते, मी स्वतः कुलूप लावतो. अन् सकाळी उघडलं, की हे. अठरा दिवस झाले. तो सहा पाहा.”

सहाच्या शेपटीला खाली एक आकडी होती, मासे धरायच्या गळासारखी. सुशीलनं कपाटातून एक जुना कागद काढून फळ्याशेजारी धरला. कागदावरचा सहा मधुकररावांचा होता. त्यालाही तीच आकडी.

बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन होतं. कूलरचा पंखा घरघरत होता. हिमानीनं दोन्ही सहा पुन्हा एकदा ताडून पाहिले.

२

त्या दिवशी ती तिघांशी बोलली.

रजत लांजेवार, साइट इंजिनिअर. तिशीतला, उन्हानं रापलेला. “मी दोन तारखेला उमरेडला होतो, दुसऱ्या साइटवर. चार-साडेचारला रामाजींचा फोन आला. गावातले म्हातारे आहेत, त्यांची झोपडी पाळीच्या मागेच. त्यांनीच बॉडी पाहिली, बैलं पाण्यावर आणली तेव्हा. तुडुमाच्या तोंडाशी.”

तुडुम म्हणजे तलावाच्या तळाशी, मातीच्या पाळीच्या पोटातून शेतांकडे पाणी सोडायचं दार.

“ते तिथं काय करत होते?”

“कोणास ठाऊक. तुडुम तर आपल्या कामातच नाही. वीस मार्चला आम्ही सगळे गेलो तेव्हा ते कमरेएवढ्या पाण्याखाली होतं. वरती लोखंडी चाक आहे, जुन्या नकाशात लोखंडी झडप आहे. चांगलंच असणार, म्हणून घेतलं नाही.”

“आता पाहता येईल?”

“नाही. चार तारखेला जनावरांसाठी कालव्याचं पाणी सोडलं. पुन्हा बुडालं.”

रितिका नखाते सव्वीस वर्षांची होती. मधुकररावांच्या हाताखाली चार वर्षं शिकली. अडतीस दिवसांची योजना तिची, तिनं स्वतंत्रपणे केलेली पहिली. डोळ्यांखाली काळं, बोटं सारखी ओढणीच्या टोकाशी. फळ्याकडे पाठ करून बसली होती.

“सर म्हणायचे, कामात काय आहे ते कोणीही लिहितं. काय नाही ते लिहा, आणि का नाही तेही लिहा,” ती म्हणाली. “त्या फाइलमध्ये तसं पान असणार. पण मी पाहिलं नाही. दोन तारखेला मी सुट्टीवर होते. स्कूटरनं कोराडीला गेले होते, मावशीकडे.”

“एकसष्ट आकडा त्यांनी कधी काढला होता?”

“माझ्यासमोर नाही.” मग हळूच, “मॅडम, तुम्ही मानता का हे? माणूस काम अर्धं टाकून गेला, तर येतो का परत?”

हिमानी जयवंताला शोधायला उठली.

जयवंता ऑफिसात झाडपूस आणि चहा करायची. चाळिशीतली, मूळची बोरखिंडीचीच. तिचा भाऊ अजून तिथं पाळीच्या खालच्या टोलीत, छोट्या वस्तीत, राहत होता. “मले काय माहीत बाई,” ती म्हणाली. “मले कुठं लिहता-वाचता येते? साहेब होते तवा मस्त होतं. आता त्या खोलीत जाले भेव वाटते.”

सायंकाळी हिमानीनं बाजारातून नवं कुलूप आणलं. जयवंतानं फळा पुसला. हिमानी तिच्या मागेच उभी होती. फळा ओला, काळाभोर, कोरा दिसला. जयवंतानं फडकं बादलीत टाकलं, सगळे बाहेर पडले, हिमानीनं स्वतः दार लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या. दुसरी किल्ली जगात नव्हती.

बुधवारी सकाळी तिनंच कुलूप उघडलं. फळ्यावर पांढराशुभ्र एकसष्ट होता.

३

हिमानीनं फळ्याजवळ वाकून आकड्याच्या कडा पाहिल्या. मग मधुकररावांच्या घरी गेली.

त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी तिला पाणी दिलं, आणि आपण होऊनच एक पिशवी समोर ठेवली. पोलिसांनी परत दिलेलं सामान. घड्याळ, चष्मा, खोली मोजायची गाठी मारलेली दोरी, आणि लाकडाचा वीतभर तुकडा.

“हे काय?”

“त्याइच्या मुठीत होतं. पोलीस म्हणे, बुडता माणूस काही बी धरते, झाडाची फांदी असन.” बाईंनी तुकडा तिच्यापुढे सरकवला. “मी फेकलं नाही. शेवटचं त्याइनं हेच धरलं होतं नं.”

हिमानीनं तुकडा नाकाशी नेला. वर्षानुवर्षं चिखलात मुरलेला वास आला. फांदी नव्हती ती. एक बाजू तासलेली होती, सपाट, आणि तिच्यात चौकोनी डोक्याचा जुना खिळा रुतून बसला होता. बोट दाबलं तर लाकडाचा भुगा झाला.

“ते त्या दिवशी गेले कसे? गाडी चालवायचे?”

“छे वं. एस.टी.नंच जायचे. अन् तिकीट जपून ठेवायचे, तारखेनुसार. हे पाहा.” त्यांनी डायरी उघडली. पानापानाला तिकिटं टाचलेली होती. वीस मार्चचं होतं. तीस मार्चचंही होतं, बोरखिंडी फाट्याचं, एकट्याचं. दोन एप्रिलचं पान कोरं.

“भिजून गेलं असेल.”

“खिशातलं बाकी सगळं सापडलं. दहाची नोट बी.” कौशल्याबाईंचा आवाज अगदी शांत होता. “मी रोज हेच पाहत बसतो. माणूस गेला, त्याचं तिकीट नाही. मंग तो गेला कसा?”

म्हणजे कोणीतरी त्यांना नेलं होतं. आणि गेल्या सत्तावीस दिवसांत त्या माणसानं तोंड उघडलं नव्हतं.

हिमानी जिना उतरताना मागून बाईंनी हाक मारली. “मॅडम, ते सकाळी उठल्यावर पायऱ्या मोजत उतरायचे. अजून मले ऐकू येते. सतरा म्हणतात अन् थांबतात.”

हिमानीनं मोजायचं नाही असं ठरवलं. तरी मोजल्या. सतराच होत्या.

४

बोरखिंडीला ती दुपारी पोचली. कुही मागे पडली, धानाच्या कोरड्या बांद्या लागल्या, मग अचानक समोर पाळ उभी राहिली. पाळीवर दोन-चार मोहाची झाडं, खाली तलाव. पाणी हलत नव्हतं. एवढ्या उन्हात पाखरूसुद्धा नव्हतं. काठाला फक्त बेशरमची झुडपं. धरायला फांदी मिळावी असं एकही झाड पाण्याच्या आसपास नव्हतं.

रामाजी झोपडीबाहेर खाटेवर बसले होते. ऐंशीला टेकलेले.

“तुडुमाचं दार कशाचं आहे आजोबा?”

“लोखंडाचं. माह्या आज्यानं बसवतानी पाह्यलं होतं. वरतं चाक हाय नं अजून.”

“लाकडाचं नाही?”

“लाकडाचं कोण लावते गा पाण्यात?” मग ‘गा’ तर पुरुषाला म्हणतात आणि आपण बाईशी बोलतो आहोत हे ध्यानात येऊन ते जीभ चावून हसले. “गावात कोनाले बी पुसा. लोखंडच.”

हिमानीनं पर्समधल्या रुमालात गुंडाळलेला तो तुकडा हातानं चाचपला. आता चित्र तिच्यासमोर उभं राहत होतं. कधीकाळी लोखंडी झडप तुटली असेल. कुणीतरी आतून सागवानी दट्ट्या ठोकून भोक बुजवलं, आणि ते ठोकणारेही मरून गेले. गाव वरचं चाक पाहून समाधानी राहिलं. मधुकरराव तीस मार्चला एकटे आले, पाणी उतरलेलं होतं, त्यांनी हात घालून पाहिलं आणि त्यांना कळलं.

पाळ उंच केली, की पाणी वाढणार. पाणी वाढलं, की त्याचा भार तळाशी पडणार, त्या कुजक्या दट्ट्यावर. दट्ट्या सुटला, की पाणी पाळीच्या पोटातून माती नेत सुटणार.

ती पाळीवर चढली आणि पलीकडे खाली पाहिलं. टोलीतली घरं तिनं मोजली. सव्वीस. एका अंगणात कोणीतरी पापड वाळत घातले होते.

अडतीस आणि तेवीस, एकसष्ट. तेवीस दिवस या तुडुमाचे होते. एक मेपासून अडतीस दिवस मोजले तर सात जून, पावसाच्या आधी. एकसष्ट मोजले तर तीस जून, भर पावसात. म्हणजे तुडुम कामात घेतलं, तर काम यंदा होणारच नाही. पुढच्या वर्षावर जाणार. कोणालातरी ते नको होतं.

परत वळताना पाण्याच्या बाजूनं तिला स्पष्ट मोजणं ऐकू आलं. एक, दोन, तीन. तिनं वळून पाहिलं. मग कळलं, ती स्वतःच पुटपुटत होती.

५

गुरुवारी सकाळी तिनं जयवंताला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“परवा आणि काल मी दोनदा कुलूप लावलं, दोनदा आकडा आला. पण जयवंता, या आकड्याच्या कडा पाहिल्यास? फुगलेल्या आहेत. कोरड्या खडूची रेघ अशी येत नाही.”

जयवंतानं पदराला बोटं पुसली.

“खडू पाण्यात भिजवून ओल्या फळ्यावर लिहिलं, तर तेव्हा काही दिसत नाही. फळा सुकला की पांढरं उमटतं. एप्रिलच्या नागपुरात फळा सुकायला पाच मिनिटं लागतात. पण कुलूप लागायला दोनच. तू पुसता-पुसता फडक्याआडून लिहितेस. आम्ही मागे उभे असतो तरी.”

“मले लिहता येत नाही बाई.”

“चहाच्या हिशेबाचं कार्ड स्वयंपाकघरात टांगलंय. त्यावर कपांचे आकडे आहेत. तिथल्या सहालाही आकडी आहे.”

जयवंता मटकन खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही.

“साहेबानं शिकवलं. दुपारी डबा खाल्ल्यावर, ह्याच फळ्यावर. त्याइच्यासारखाच सहा येते मले, दुसरा येतच नाही.”

“मग अक्षर भुताचं नव्हतं.”

“एक तारखेले सांजी साहेब म्हणे, जयवंता, काम एकसष्ट दिवसाचं हाय. अडतीसात केलं तं तुह्या भावाचं घर पाण्यात जाईन. दुसऱ्या दिवशी साहेबच गेले पाण्यात. मी दहा दिवस वाट पाह्यली, कोणी एकसष्टचं नाव काढत नाही.”

“मला नाही, निदान सुशीलला सांगायचंस.”

जयवंतानं पहिल्यांदा मान वर केली. “मी चहा देणारी बाई. माह्या सांगण्यानं मशीन थांबते काय? साहेबाच्या आकड्यानं थांबते. जित्या साहेबाचं कोणी ऐकलं नाही. मेल्याचं ऐकतीन म्हटलं.”

भूत संपलं होतं. पण मधुकररावांना तलावावर नेणारा माणूस, अडतीसच दिवस हवे असलेला, अजून ऑफिसातच असणार होता, आणि काम सुरू व्हायला चोवीस तास उरले होते.

६

अकरा वाजता तिनं सुशील, रजत आणि रितिका यांना तीन वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. प्रत्येकासमोर एक कोरा कागद.

“एक अंदाज काढून द्या. समजा, तुडुम बदलायचं काम आपल्याला करायचं आहे. तुकडे पाडा, प्रत्येकापुढे दिवस लिहा. एकमेकांशी बोलू नका. अर्धा तास.”

“मॅडम, उद्या मशीन लागून राहिली अन् आपण परीक्षा देऊन राहिलो?” सुशील वैतागला. पण बसला.

सुशीलच्या कागदावर एकच ओळ आली. तुडुम काढून नवं बसवणं, दहा दिवस. मालक लोक असंच लिहितात.

रजतनं सात ओळी लिहिल्या. मातीचा आडबांध, पंपानं पाणी उपसणं, गॅस कटर आणि कटरवाला आणणं, लोखंडी झडप कापणं, तुकडे ओढायला क्रेन, नवा पाइप, भोवतीचं काँक्रीट. एकूण पंधरा.

रितिकाच्याही सात ओळी होत्या. आडबांध, उपसा, तोंडाशी फळ्यांचा मचाण, चार माणसं सब्बल, म्हणजे पहार, घेऊन हातानं काढकाम, पोकळी धुणं, पाइप, काँक्रीट. एकूण सतरा.

हिमानीनं तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. सुशील आणि रजतला तिनं बाहेर पाठवलं. रितिकाला थांबवलं.

“तेवीस येऊ नयेत म्हणून तू दिवस कमी केलेस,” ती म्हणाली. “पण कामं बदलायची राहिली.”

“म्हणजे?”

“तुझ्या यादीत जे नाही ते मी वाचते आहे. गॅस कटर नाही. कापकाम नाही, क्रेन नाही. नकाशात लोखंड आहे. रजतला लोखंड वाटतं. ऐंशी वर्षांचा रामाजी लोखंड म्हणतो. आणि तू सब्बल घेऊन चार माणसं लावलीस. लोखंडी झडप सब्बलीनं निघते का रितिका?”

रितिकाची बोटं ओढणीवर थांबली.

“आणि मचाण. तोंडाशी गाळ माणूस गिळतो, म्हणून फळ्यांचा मचाण. हेही नकाशात नाही. तिथं लाकूड आहे हे एकाच माणसाला कळलं होतं, आणि ते त्यानं ज्याला दाखवलं त्याला. दोन तारखेला मधुकररावांनी एस.टी.चं तिकीट काढलं नव्हतं. ते तुझ्या स्कूटरवर मागे बसून गेले.”

कूलरचा पंप थांबून पुन्हा सुरू झाला. रितिका दचकली नाही. कितीतरी दिवसांनी पाठ टेकायला मिळावी, तशी ती खुर्चीत मागे झाली.

“मी ढकललं नाही त्यांना,” ती म्हणाली.

७

“त्यांनीच फोन केला. म्हणाले, सुट्टी असली तरी ये, तुला डोळ्यांनी दाखवतो, मग तूच तुडुम कामात घेशील. मी त्यांना नेलं. मनात होतं, सही करायला त्यांना वाटेत मनवता येईल. खात्यापुढे मी अडतीस दिवस म्हणून बसले होते मॅडम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्यांदाच कोणी मला चाफले सरांची असिस्टंट म्हटलं नव्हतं.”

ती फळ्याकडे पाहत बोलत होती. आज पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे तोंड केलं होतं.

“ते खाली उतरले. पिशवी पाळीवर माझ्याजवळ ठेवली. तुडुमाच्या तोंडात हात घालून ते लाकूड तोडून दाखवत होते. बघ, म्हणाले, पोह्यासारखं झालंय. आणि पाय गेला. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. हलले की अजून खाली. पुढे पाणी होतं. मला म्हणाले, ओढणी टाक. नाहीतर पळ, रामाजीला बोलाव.”

“आणि तू?”

“मी उभी राहिले.” तिचा आवाज एवढा लहान झाला, की हिमानीला पुढे वाकावं लागलं. “मी त्यांना मारायचं म्हणून नाही उभी राहिले. पण मला कळत होतं, की ते वर आले की एकसष्ट. आणि नाही आले की अडतीस. एवढंच डोक्यात होतं. पाय उचलले नाहीत.”

“मग?”

“मग हाका थांबल्या. मी पिशवीतून फाइल घेतली. स्कूटरच्या डिकीत आहे. फाडायला काढली की पहिल्याच पानावर त्यांचा सहा दिसतो. नाही फाडता आली.”

हिमानीनं तिन्ही कागद घडी करून बाजूला ठेवले. मग तिनं आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली.

“सत्तावीस वर्षांपूर्वी मी एका शाळेचा स्लॅब आखला होता. काँक्रीट ओलं ठेवायचे चौदा दिवस होते, मी सातवर आणले. उद्घाटनाची तारीख होती. स्लॅब कोसळला. एका मजुराचा पाय गेला. मी म्हणायचे, मी तर कागदावरचा एक आकडा बदलला फक्त. अजून म्हणते कधीकधी.” तिनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “तुझ्यासमोर तर माणूस होता. कागद नव्हता. किती वेळ हाका मारत होते ते?”

रितिकानं डोळे मिटले. तिच्या ओठांची हालचाल झाली, अंदाज काढताना व्हायची तशी.

“चार मिनिटं,” ती म्हणाली. “थोडं जास्तच. कमी नाही.”

८

दुपारी सुशीलनं खात्याला फोन लावला. पलीकडून आवाज चढला, त्याचाही चढला, आणि मग एकदम उतरला. “हो साहेब. यंदा नाही. तुडुमासकट करू, नाहीतर करणारच नाही. माह्या सहीनं लिहून देतो.” फोन ठेवल्यावर त्यानं घाम पुसला. मधुकररावांनी एक एप्रिललाही त्याला हेच म्हटलं होतं, आणि त्यानं “पावसाळ्यानंतर पाहू” म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं, हे त्यानं हिमानीला आत्ता सांगितलं.

रितिकाला पोलीस ठाण्यात हिमानी स्वतः घेऊन गेली. फाइल टेबलावर ठेवली गेली, जबाब लिहिला गेला. अधिकाऱ्यानं विचारलं, मदत आणायला जागा किती लांब होती? रितिका म्हणाली, ठाऊक नाही, मी मोजलं नाही. कायद्यानं तिचं काय करायचं ते आता कोर्ट ठरवणार होतं. पण अहवालात हिमानीला एक आकडा हवा होता, आणि तो तिला अंदाजानं लिहायचा नव्हता.

म्हणून शुक्रवारी, एक मेला, मशीन न लागलेल्या त्या तलावावर ती पुन्हा गेली. बरोबर जयवंता होती. ती टोलीत भावाकडे उतरली. हिमानी एकटी तुडुमाच्या बाजूला गेली, पाण्याच्या काठाशी उभी राहिली, मोबाइलवर वेळ लावली आणि निघाली.

ती पळू शकत नव्हती. गुडघा पहिल्या दहा पावलांतच बोंबलला. पाळीच्या उतारावर तिला दोनदा हात टेकावे लागले. माथ्यावर पोचून ती पलीकडे उतरली, घसरली, सावरली, आणि रामाजींच्या खाटेला धरून उभी राहिली.

दोन मिनिटं अठरा सेकंद. चोपन्न वर्षांची लंगडती बाई. सव्वीस वर्षांच्या पोरीला एक मिनिटही लागलं नसतं.

रामाजी उठून बसले. तिला धाप लागलेली पाहून त्यांनी गडव्यातलं पाणी पुढे केलं.

“काहून धावून राहिली वं बाई? कोनी बुडालं काय?”

हिमानीनं पाणी घेत नकारार्थी मान हलवली.

“नाही, दोरखंड हाय आपल्याजवळ, म्हनून पुसलं.” त्यांनी झोपडीच्या कुडाकडे बोट दाखवलं. बैलांचा जाडजूड दोरखंड खुंटीला गुंडाळून टांगलेला होता. “अन् मी दुपारचा झोपत नाही. हितंच बसून राहतो रोज. त्या दिवशी बी बसून होतो. पण पाळीच्या पलीकडचा आवाज येत नाही नं इकडं. कोनी येऊन सांगावं लागते.”